वर्गमूळ अधिक एक

भट्टीच्या विटांचा लॉट आला की त्यातल्या किती विटा फोडायच्या, हे सांगणं माझं काम होतं. भिलाईच्या कारखान्यातली ती माझी पहिली नोकरी. लोखंड वितळवायच्या भट्टीला आतून जी वीट लावतात ती घराच्या विटेसारखी नसते. ती टिकेल की नाही हे आधी पाहावं लागतं, आणि पाहायचं म्हणजे प्रेसखाली दाबून फोडायची. फोडलेली वीट वाया जाते, म्हणून सगळ्या फोडता येत नाहीत. अगदीच थोड्या फोडल्या तर लॉटचा भरवसा धरता येत नाही. आमच्या तपासणी विभागात त्यासाठी एक नियम होता. लॉटमध्ये जितक्या विटा असतील त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं, दशांश चिन्हापुढचं सगळं सोडून द्यायचं, आणि जो पूर्णांक उरेल त्यात एक मिळवायचा. तितक्या विटा नमुना म्हणून उचलायच्या. हजार विटांचं वर्गमूळ एकतीस पूर्णांक आणि थोडं. ते थोडं सोडलं, एकतीस अधिक एक, बत्तीस विटा.

मी दुर्गच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते. बाबा रेल्वेत काटेवाले होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न्यायला काटा बदलायचं काम. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. बाबांची बदली भिलाईच्या यार्डात झाली तेव्हा आम्ही दुर्गच्या रेल्वे क्वार्टरातून कॅम्प एक नावाच्या कामगार वस्तीत राहायला आलो. कॅम्पात विदर्भातून आलेली आमची बौद्ध घरं पुष्कळ होती. कोणी कारखान्यात खलाशी म्हणजे ओझी उचलणारा मजूर, कोणी फिटर, कोणी क्रेनवर. मुलगी मात्र कोणाचीच कामाला नव्हती. माय शेजारणींना सांगायची, "माही पोरगी गणिताच्या हापिसात हाय." गणिताचं ऑफिस असं काही नव्हतं. पत्र्याची एक लांब शेड होती. अर्ध्या भागात प्रेस आणि विटांचे ढीग, मध्ये प्लायवूडची भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे आमची चार टेबलं. प्रेसखाली वीट फुटली की टेबलावरची दौत हलायची.

आमचे साहेब बंगाली होते. चाळिशीचे, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेन्सिली. हिंदीत बोलायचे आणि माझ्यासारख्या नव्या मुलीलाही "आप" म्हणायचे. शेडमध्ये आणखी एक रशियन बाई होत्या. पन्नाशीच्या, दणकट, विटांतल्या तज्ज्ञ. त्यांच्याबरोबर दुभाषा यायचा, पण तो सकाळचे दोन तास. बाकीचा दिवस बाई स्वतःच्या हिंदीवर काढायच्या आणि त्यांचं हिंदी पंचवीस-तीस शब्दांचं होतं.

वर्गमूळ काढायला मला एक हातमशीन दिलं होतं. रशियन बनावटीचं, काळं, जड, शिवणयंत्राच्या डोक्याएवढं. समोर खाचा, त्यात सरकणाऱ्या दांड्या, उजवीकडे मूठ. दांड्या सरकवून संख्या लावायची आणि मूठ पुढे फिरवली की ती मिळवली जाई, मागे फिरवली की वजा होई. किती वेळा फिरवली ते एका छोट्या खिडकीत दिसे. ऑफिसात सगळे त्याला चरखी म्हणत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं व्हायचं, पण वर्गमुळाची सोय तिच्यात नव्हती. मी पहिला आठवडा कॉलेजात शिकवलेल्या पद्धतीनं कागदावर वर्गमुळं काढली. चरखी नुसती शेजारी ठेवलेली.

रशियन बाईंनी ते पाहिलं. मला हात धरून प्रेसकडे नेलं. नमुन्याच्या विटा कापून केलेले छोटे ठोकळे तिथं पडलेले असत. बाईंनी टेबलावर एक ठोकळा ठेवला. त्याच्या दोन बाजूंनी आणि कोपऱ्यात मिळून तीन ठेवले, दोन बाय दोनचा चौरस झाला. मग बाहेरून पाच ठेवले, तीन बाय तीनचा झाला. मग सात.

"एक, तीन, पाँच, सात," बाई म्हणाल्या. "हर बार चौकोन."

मग चरखीवर बसून त्यांनी वीस हा आकडा लावला आणि त्यातून एक वजा केला, तीन वजा केले, पाच, सात. चार उरले. नऊ लावून मूठ मागे फिरवली तशी मशीनमधली घंटी वाजली. चारातून नऊ जात नाहीत, हे सांगायला ती घंटी होती. बाईंनी मूठ एकदा पुढे फिरवून ते नऊ परत दिले आणि खिडकीवर बोट ठेवलं. खिडकीत चार होतं. विसाच्या वर्गमुळातला पूर्णांक चार.

मी लगेच दुसरी संख्या लावली आणि भराभर मूठ फिरवायला लागले. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"जल्दी नहीं. पहले घंटी सुनो."

मोठ्या संख्येला एकेक विषम आकडा वजा करत बसलं तर दिवस जाईल, म्हणून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडून करायची रीतही त्यांनी शिकवली. वीसशे पंचवीस असेल तर आधी वीसचं करायचं, चार येतात आणि चार उरतात. मग उरलेल्या चारापुढे पंचवीस घेऊन चारशे पंचवीस. त्यातून एक्क्याऐंशी, त्र्याऐंशी, पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, एकोणनव्वद. पाच वेळा, आणि खाली शून्य. पंचेचाळीस. आठवड्याभरात माझा हात बसला. मूठ फिरवताना मी बाईंसारखीच रशियनमध्ये पुटपुटायचे: अदीन, त्री, प्यात, स्येम. मागच्या टेबलावरचा टंकलेखक हसायचा.

त्यानंतर कारखान्याच्या विस्ताराचं काम जोरात सुरू झालं. नव्या भट्ट्या, नव्या चिमण्या, आणि विटांचे वॅगनच्या वॅगन. पूर्वी दिवसाला चार-पाच लॉट यायचे, आता तीस-चाळीस यायला लागले. चरखीवर वर्गमूळ काढेपर्यंत बाहेर ट्रक उभे राहत. एकदा साहेब उत्तरेकडच्या एका शहरात दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला गेले. तिथल्या एका तंत्रसंस्थेत कॉम्प्युटर आला होता आणि कारखान्यांच्या लोकांना ते तो शिकवत होते. साहेब परत आले ते बगलेत कागदाचं एक जाड भेंडोळं घेऊन. त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून एक तक्ता काढून आणला होता. एकपासून दहा हजारापर्यंत प्रत्येक संख्या, आणि तिच्यासमोर किती नमुने उचलायचे तो आकडा.

"अब चरखी को आराम दीजिए," ते मला म्हणाले. त्या दिवशी ते फार आनंदात होते. तक्त्याच्या प्रती काढून त्यांनी गोदामाला, भट्टीविभागाला, विटा पुरवणाऱ्यांच्या माणसांना, सगळीकडे वाटल्या.

चारेक आठवडे झाले असतील. नऊशे विटांचा एक लॉट आला. मी तक्ता पाहिला आणि चिठ्ठीवर तीस लिहिलं. चिठ्ठी हातावेगळी करणार तोच माझा हात थांबला. तीस तिरी नव्वद, तीस तिसा नऊशे. हे तर शाळेतलं. वर्गमूळ तीस, अधिक एक, एकतीस हवेत. तक्त्यात तीस होते. मी बोट वर सरकवलं. आठशे नव्व्याण्णवसमोरही तीस, ते बरोबर. नऊशे एकसमोर एकतीस, तेही बरोबर. नऊशेसमोरच चुकलं होतं.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी पाहिलं.

"छपाईची चूक असेल," ते म्हणाले. "एक ठिकाणी. पेनानं दुरुस्त करा."

मी पेनानं दुरुस्त केलं आणि जागेवर येऊन बसले. पण एकदा शंका आली की मला स्वस्थ बसवत नाही, हा स्वभाव तेव्हाही होता. दुपारच्या डब्याच्या वेळी मी एकपासून शंभरपर्यंत सगळ्यांचे वर्ग लिहून काढले आणि तक्त्यात एकेक तपासायला घेतला. शंभर बरोबर. एकशे एकवीस बरोबर. पुढे एक चुकीचा निघाला, मग चार बरोबर, मग पुन्हा एक चुकीचा. वीसशे पंचवीस चुकीचा. सगळे मिळून सतरा निघाले. सगळे पूर्ण वर्ग, आणि सगळीकडे एकच चूक, एक कमी. पूर्ण वर्ग नसलेल्या संख्यांतल्या दोन-तीन सहज म्हणून चरखीवर तपासल्या. त्यात एकही चूक नव्हती.

टंकलेखकानं डबा बंद करत विचारलं, "काय मॅडम, मशीनपेक्षा हुशार झालात का?" मी पुन्हा पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी कोण, कुठून आले, कोणत्या जागेवर भरती झाले, हे त्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कोणी काही बोलत नसे. पण माझी बेरीज चुकली तर ती माझ्या एकटीची चूक धरली जाणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी सतराच्या सतरा पुन्हा तपासले आणि मगच कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो खालपर्यंत वाचला. सतरा ठिकाणी छपाई चुकत नाही हे त्यांनाही कळलं. त्यांनी कपाटातून आपल्या प्रोग्रॅमचा कागद काढला आणि दुसरा अख्खा दिवस तो वाचत बसले. जेवायलाही गेले नाहीत. संध्याकाळी मला बोलावलं.

"मला चूक सापडत नाही," म्हणाले. "ओळी फक्त नऊ आहेत. तुम्ही बघा."

मी म्हटलं, "साहेब, मला ही भाषा येत नाही."

"तर शिका," असं म्हणून त्यांनी अभ्यासक्रमाचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

ते पुस्तक मी घरी नेलं. कॅम्पातल्या आमच्या खोलीत उजेड दाराशी असायचा, तिथं बसून रोज संध्याकाळी वाचलं. भाषा म्हणजे इंग्रजी अक्षरांतली बीजगणिताची भाषाच होती. फोरट्रान तिचं नाव. तिच्यात काही कामं आधीपासून करून ठेवलेली असत. वर्गमूळ त्यातलंच एक. नाव लिहायचं, कंसात संख्या द्यायची, उत्तर तयार. चरखीवर माझी दहा मिनिटं जायची ते काम भाषेनं एका शब्दात ठेवलं होतं. पण कंसातली संख्या दशांशाची लागे. म्हणून विटांची पूर्णांक संख्या आधी दशांशात बदलायची, त्यासाठीही एक तयार शब्द होता. मग वर्गमूळ, आणि आलेलं उत्तर परत पूर्णांकाच्या नावात ठेवायचं. आयपासून एनपर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारं नाव पूर्णांकाचं. त्यात दशांशाची संख्या ठेवली की चिन्हापुढचा भाग आपोआप गळून जायचा. साहेबांनी नेमकं हेच केलं होतं, कारण नियमात पूर्णांकच हवा होता.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक ओळ वाचली: तयार वर्गमुळाचं उत्तर आठ आकड्यांपर्यंत "जवळपास" बरोबर असतं. मी ती ओळ दोनदा वाचली आणि पुस्तक मिटून तशीच बसले. माय चुलीपासून म्हणाली, "काय झालं वं?" मी म्हटलं, "सापडलं."

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. "तीस यायच्या ऐवजी एकोणतीस दशांश नऊ, नऊ, नऊ असं येत असेल. जवळपास तीसच. पण पूर्णांकात ठेवलं की नऊ सगळे गळतात आणि एकोणतीस उरतात."

साहेबांनी एकोणतीस आणि पुढचे नऊ कागदावर लिहून पाहिले. मग त्यांनी टेबलावर थाप मारली आणि मोठ्यानं हसले. "मेरा भी ठीक, मशीन का भी ठीक, और उत्तर गलत!" पण हसणं लगेच ओसरलं. वाटलेल्या प्रती त्यांना आठवल्या.

ते वरिष्ठांकडे गेले तेव्हा काय झालं ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. वरिष्ठ म्हणाले, एका विटेनं काय आभाळ कोसळतं, राहू द्या. साहेब म्हणाले, नियम लिहिलेला आहे, उद्या एखादा लॉट नापास केला आणि पुरवठादारानं मोजून दाखवलं की नमुने कमी घेतले, तर आपण काय बोलणार? शिवाय तक्ता मी केला, चूक माझी आहे. सगळ्या प्रती परत मागवायचं पत्र त्यांनी स्वतःच्या सहीनं काढलं. भट्टीविभागात त्यावरून त्यांची चेष्टा झाली. काही दिवस ते जेवणाच्या हॉलमध्ये जात नसत. डबा टेबलावरच खात.

नवा तक्ता करायला कोणीतरी त्या संस्थेत जायला हवं होतं. भट्टीची आतली वीट बदलायचं काम तेव्हाच निघालं आणि साहेबांना एक दिवसही सुटता येईना. ते म्हणाले, "आपने पकड़ा है, आप ही जाइए."

घरी हे सांगितलं तेव्हा माय बोटांवर अडचणी मोजायला लागली. दोन गाड्या बदलून जायचं, परका मुलूख, आणि एकटी मुलगी. बाबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "किती दिवस?"

"चार-पाच."

"मी येतो. माहा पास हाय. साहेबाले सांग, बाप संग येऊन राहिला म्हणून."

असे आम्ही दोघं निघालो. माझ्या पिशवीत साहेबांची कार्डं होती. प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक कार्ड, जाड कागदाचं, भोकं पाडलेलं. बाबांनी वाटेत पिशवी खाली ठेवू दिली नाही. गाडीत बसायला जागा मिळाली तरी मांडीवरच.

संस्थेच्या इमारतीत पोचलो तेव्हा दारावरच्या शिपायानं मला आत सोडलं आणि बाबांना अडवलं. बाबांच्या अंगात रेल्वेचा निळा कोट होता, खांद्यावर दुपट्टा. "तुम जाओ इधर से, यहाँ बैठना मना है," शिपाई म्हणाला. बाबा पायरी उतरून झाडाखाली गेले. मी आत जाऊन माझ्या नावाची चिठ्ठी दिली. एक तरुण व्याख्याता आला. त्यानं हिंदीत विचारलं, "तुम्ही एकट्या आलात?" मी सांगितलं, वडील आहेत, बाहेर आहेत. तो स्वतः बाहेर गेला आणि बाबांना घेऊन आला. चपला दाराशी काढायला सांगितल्या, पण त्या त्यानं स्वतःही काढल्या. आत थंडगार होतं. भिंतीत बसवलेल्या यंत्रातून गार हवा येत होती. बाबांनी दुपट्टा कानांवरून घेतला.

मी आधी एक छोटा प्रोग्रॅम लिहून आणला होता: नऊशेचं वर्गमूळ काढ आणि पूर्णांक न करता जसं आहे तसं छाप. कार्डं मी स्वतः पाडली. मशीननं पहिल्याच कार्डाला नकार दिला. व्याख्यात्यानं कार्ड उजेडात धरून पाहिलं. ओळ सातव्या रकान्यापासून सुरू करायची असते, मी सहाव्यापासून केली होती. मशीनला ती आधीच्या ओळीचं शेपूट वाटली. पुन्हा पाडलं. या वेळी टाइपरायटरसारखं यंत्र कोणी हात न लावता टकटकलं आणि कागदावर आकडा उमटला. एकोणतीस, दशांश चिन्ह, आणि पुढे सगळे नऊ.

मनात जे आठवडाभर धरून ठेवलं होतं ते समोर छापलेलं पाहिलं आणि मी ते नऊ एकेक करून मोजले. सहा होते.

बाबा मागे उभे होते. "आलं का?"

"आलं. तीस पाहिजे, थोडं कमी आलं."

"एवढं मोठं मशीन, थोडं कमी कावून देते?"

व्याख्यात्याला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला असावा. त्यानं हिंदीत, अगदी नीट, बाबांना सांगितलं की मशीन वर्गमूळ अंदाजानं काढतं, अंदाज सुधारत सुधारत जवळ जातं, आणि आठ आकडे भरले की थांबतं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे गाडी फलाटाच्या एक बोट मागं थांबली. उतरता येते. पण मोजणाऱ्यानं लिहिलं का गाडी आलीच नाही."

मी ते हिंदीत सांगितलं तेव्हा व्याख्याता खूश झाला.

आता दुरुस्ती कशी करायची यावर आमचं जमेना. तो म्हणाला, सोपं आहे, वर्गमूळ काढण्याआधी संख्येत अर्धा मिळवा. नऊशे अर्ध्याचं वर्गमूळ तिसाच्या वरच राहील, नऊ गळायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, मग आठशे नव्व्याण्णव अर्ध्याचं? त्यानं कागदावर करून दाखवलं की तेही तिसाच्या खालीच राहतं आणि दहा हजारापर्यंत अंतर भरपूर आहे. ते बरोबर होतं. तरी माझं समाधान होईना. अर्धा कुठून आला हे तपासणी विभागात मला कोणी विचारलं तर मी काय सांगणार? मी म्हटलं, मशीननं जे दिलं ते घेऊ द्या. मग त्यात एक मिळवून, त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणून पाहू. गुणाकार लॉटपेक्षा जास्त झाला नाही तर मशीननं एक कमी दिला आहे, तो परत द्यायचा. एकोणतीस आलं, तर तीस गुणिले तीस नऊशे, नऊशेपेक्षा जास्त नाही, म्हणून वर्गमूळ तीस. पूर्णांकांच्या गुणाकारात काही गळत नाही.

"तीन कार्डं वाढतील," तो म्हणाला. "दहा हजार वेळा जास्तीचा गुणाकार. मशीनचा वेळ जाईल."

"किती?"

त्यानं अंदाज केला. "काही मिनिटं."

"मग जाऊ द्या."

तो हसला आणि मला पंचिंगच्या टेबलाकडे जायची खूण केली. त्या भाषेत 'जर'ला तीन फाटे असायचे: उत्तर शून्याहून कमी आलं तर इकडे जा, शून्य आलं तर तिकडे, जास्त आलं तर आणखी कुठे. मी पहिले दोन फाटे एकाच ठिकाणी नेले आणि तिसरा वेगळा. कार्डं पाडताना बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तीन फाट्यांचा काटा आमच्या यार्डात एकच हाय. त्याच्यावर नवा मानूस ठेवत नाहीत." त्यांनी मला तिन्ही फाटे पुन्हा एकदा तपासायला लावले. मी तपासले. ठीक होते.

तक्ता दुसऱ्या दिवशी दुपारी छापून झाला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून आम्ही तो पाहिला. मी पूर्ण वर्ग बोलायचे, बाबा बोट ठेवून समोरचा आकडा वाचायचे. बाबा चौथी शिकलेले, पण आकडे वाचायला पक्के. "नऊशे." "एकतीस." "वीसशे पंचवीस." "सेहेचाळीस." समोरचा एक प्रवासी आम्ही काय करतोय ते बराच वेळ पाहत होता. शेवटी त्यानं विचारलं, लॉटरीचा निकाल आहे का. शंभरच्या शंभर वर्ग झाले. एकही चुकलेला नव्हता.

साहेबांनी तक्ता हातात घेतल्यावर पहिल्यांदा ते सतरा आकडे पाहिले, माझ्याच कागदावरून. मग प्रती काढायला दिल्या. सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं की आधीच्या तक्त्यातली चूक विभागातल्या गणक बाईंनी शोधली व दुरुस्त केली. पत्र सही करण्याआधी मला वाचायला दिलं. मी म्हटलं, ठीक आहे. टंकलेखकानं ते टाइप केलं आणि माझ्या पदाचं स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं. त्या दिवसापासून तो मला मशीनवरून बोलला नाही.

रशियन बाईंनी नवा तक्ता पाहिला, एक-दोन संख्या चरखीवर तपासल्या आणि मान डोलावली. त्याच वर्षी त्या मायदेशी परत गेल्या. कारखान्याचा स्वतःचा कॉम्प्युटर पुढे काही वर्षांनी आला. पहिल्या सहा जणांत मला घेतलं. विटांचा विभाग सुटला आणि मी निवृत्त होईपर्यंत त्याच कामात राहिले. साहेब दुसऱ्या कारखान्यात बदलून गेले. जाताना त्यांनी अभ्यासक्रमाचं ते पुस्तक परत घेतलं नाही.

बाबा निवृत्त झाल्यावर दुर्गजवळच्या उतईला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मांडवात चार जण बसले होते, बाबा त्यांना सांगत होते, "माह्या पोरीनं मशीनची चूक काढली. एवढं मोठं मशीन, खोली भरून."

मी पाणी द्यायला गेले होते. म्हटलं, "बाबा, मशीन नव्हतं चुकलं. त्यानं जवळपासचं उत्तर दिलं. आपण पुढचं सोडून दिलं, तिथं चुकलं."

बाबांनी ग्लास घेतला. "मी काय वेगळं सांगून राहिलो?" असं म्हणाले आणि शेजारच्याकडे वळून पहिल्यापासून सांगायला लागले.